स्पेनमध्ये डोंगराळ ग्रामीण भागात, गाड्यांची रहदारी टाळून सायकलने फिरायला कोणता मार्ग चांगला?

दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसिया प्रांतातला 'व्हिया व्हेर्दे दे ला सिएरा' निवडा: ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो, सुमारे 36 किलोमीटर. व्हिया व्हेर्दे म्हणजे बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी केलेल्या वाटा. स्पेनमध्ये ही योजना 1993 पासून चालू आहे. या मार्गाची गोष्ट तर त्याहून वेगळी. 1920 च्या दशकात इथे बोगदे खोदले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली, पण गाडी कधी धावलीच नाही. आज तेच 30 बोगदे आणि 4 उंच पूल सायकलसाठी मोकळे आहेत. मुळात आगगाडीसाठी आखलेली वाट असल्यामुळे आजूबाजूला डोंगर असूनही छातीवरचा चढ लागत नाही. वाटेत साफ्रामागोनचा सुळका येतो, तिथे ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत आहे. तिथे घाई करू नका, कड्याकडे बघत जरा बसा. ओल्वेराहून निघालात तर एकंदर उतार मिळतो, शिवाय निघण्यापूर्वी गावातला मूर (मध्ययुगातल्या मुस्लिम) राजवटीतला किल्लाही पाहून होतो.

सोबत एवढं ठेवा:
- सायकलला चांगला दिवा (एक बोगदा जवळपास किलोमीटरभर लांब आहे)
- भरपूर पाणी
- खडीवर चालतील असे जरा रुंद टायर

मात्र जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, तिथला उन्हाळा फार कडक असतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम.