व्हीएमची सेटिंग्ज डिस्क फाइलच्या आत नसतात

तुमच्या उबुंटू सर्व्हरवर केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या) पाच मशीन, म्हणजे व्हीएम किंवा आभासी संगणक, आहेत, त्यांच्या क्यूकाउ-टू फाइल्स (म्हणजे त्यांच्या आभासी डिस्क) दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतात आणि रॅम, सीपीयू, आयपी हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये आहे. उद्या सर्व्हर बसला तर एवढ्यावर काम भागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही भागणार. डेटा मिळेल, पण मशीन जशीच्या तशी उभी राहणार नाही.

शीटमध्ये ज्या गोष्टी कोणीच लिहीत नाही, नेमक्या त्याच आडव्या येतात. जुनी डिस्क लावून नवी मशीन बनवलीत की मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) बदलतो आणि राउटरवर राखून ठेवलेला आयपी मिळत नाही. मशीनचा प्रकार (कोणत्या मदरबोर्डची नक्कल करायची ते) क्यू-३५ ऐवजी जुना आय-४४०-एफएक्स निवडला गेला तर लिनक्समधलं नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी१एस०चं ईएनएस३ होतं आणि नेटप्लॅनची (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंग्जची) फाइल निरुपयोगी ठरते. विंडोजची डिस्क सॅटाऐवजी व्हर्टआयओ या व्हीएमसाठीच्या खास जोडणीवर लावली आणि आत ड्रायव्हर नसला तर थेट निळी स्क्रीन. यूईएफआय या नव्या बूट पद्धतीवर इन्स्टॉल केलेली मशीन साध्या बायोसवर बूटच होत नाही.

हे सगळं लिबव्हर्ट (केव्हीएमची मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक मशीनच्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवतो, /इटीसी/लिबव्हर्ट/क्यूईएमयू या फोल्डरात. ती फाइल एडिटरमध्ये थेट उघडून बदलू नका. वरच इशारा असतो की हे बदल पुसले जाऊ शकतात. बदल ‘व्हर्श एडिट’ या लिबव्हर्टच्या कमांडनेच करा. मशीन चालू असताना केलेला बदल ती पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो, आतून रीबूट करून उपयोग नाही.

साठवण्यासाठी प्रत्येक मशीनचं ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’ (एक्सएमएलची प्रत) काढा आणि ते गिटमध्ये, म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाका. त्याला ‘इनॅक्टिव्ह’ हा पर्याय जरूर द्या. तो दिला नाही तर चालू मशीनचे तात्पुरते तपशील, म्हणजे व्हीनेटचा (सर्व्हरवरच्या आभासी नेटवर्क जोडणीचा) नंबर, व्हीएनसीचा (मशीनची स्क्रीन दुरून पाहण्याच्या सोयीचा) पोर्ट वगैरे, फाइलमध्ये येतात आणि दर वेळी गिटला उगाचच बदल दिसतात. त्या गर्दीत खरा बदल, समजा कोणीतरी रॅम ८ जीबीवरून ४ जीबी केली, नजरेतून सुटतो. व्हीएनसीचा पासवर्ड या आउटपुटमध्ये येत नाही. तो हवा असेल तर ‘सिक्युरिटी-इन्फो’ जोडावं लागतं, पण मग ती फाइल गिटमध्ये ठेवू नका. नेटवर्क आणि स्टोरेज पूल (डिस्क फाइल्स ठेवायच्या जागा) यांच्या व्याख्या वेगळ्या असतात. ‘नेट-डम्पएक्सएमएल’ आणि ‘पूल-डम्पएक्सएमएल’ने त्याही काढा. एक्सएमएलमध्ये ज्या नेटवर्कचं नाव आहे ते नव्या सर्व्हरवर नसेल तर मशीन सुरूच होत नाही.

दोन गोष्टी मात्र एक्सएमएलमध्ये नसतात. यूईएफआयच्या बूट नोंदी आणि सिक्युअर बूटच्या किल्ल्या /व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/एनव्हीरॅममध्ये असतात. विंडोज ११साठी दिलेल्या टीपीएमची (किल्ल्या जपून ठेवणाऱ्या सुरक्षा चिपची) अवस्था /व्हार/लिब/लिबव्हर्ट/एसडब्ल्यूटीपीएममध्ये असते, मशीनच्या यूयूआयडीच्या (तिच्या एकमेव ओळख क्रमांकाच्या) नावाने. म्हणजे नव्या मशीनला वेगळा यूयूआयडी मिळाला की तिला जुना टीपीएम सापडत नाही, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की मागतो. हे दोन्ही फोल्डर मशीन बंद असताना डिस्कसोबत कॉपी करा. डिस्कची कॉपीही मशीन बंद ठेवून किंवा स्नॅपशॉट घेऊनच काढा, चालू मशीनच्या नुसत्या कॉपीवर भरवसा ठेवू नका.

पाच मशीनसाठी टेराफॉर्म (मशीनच्या व्याख्या कोडमध्ये लिहिण्याचं साधन) वगैरे मला तरी जास्त वाटतं. प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवण्याच्या तयार प्रणालीवर) गेलात तर एक लक्षात ठेवा: तिथलं /इटीसी/पीव्हीई हे खरं फोल्डर नाही, ते /व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टरमधल्या कॉन्फिग.डीबी या एसक्यूलाइट फाइलवरून दाखवलं जातं. मेलेल्या सर्व्हरची डिस्क दुसरीकडे लावली की /इटीसी/पीव्हीई रिकामं दिसतं आणि माणूस हबकतो. तिथे ती डीबी फाइल हवी, किंवा व्हीझेडडम्प या प्रॉक्समॉक्सच्याच साधनाचा बॅकअप; त्यात सेटिंग्जही येतात.

हे सगळं पुरतं का ते तपासायला एक मशीन दुसऱ्या पीसीवर साठवलेल्या एक्सएमएलवरून ‘व्हर्श डिफाइन’ने उभी करून पाहा. मशीनच्या प्रकारात उबुंटूचं स्वतःचं नाव असेल, उदाहरणार्थ शेवटी ‘जॅमी’ (उबुंटूच्या एका आवृत्तीचं नाव), तर डेबियनवर ती चालणार नाही. ते आत्ताच कळलेलं बरं. मूळ मशीन चालू असेल तर सुरू करण्याआधी ‘व्हर्श डोमइफ-सेटलिंक’ला ‘डाउन’ आणि ‘कॉन्फिग’ देऊन चाचणीच्या मशीनचं नेटवर्क तोडा, नाहीतर एकाच मॅकची दोन मशीन एका लॅनवर येतील.