पब्लिक पॉलिसीच्या पदवीत कोर्सचा क्रम कसा लावावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सरकारी धोरणांच्या अभ्यासाच्या, पदवीचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि उरलेल्या सेमिस्टरचा आराखडा भरून द्यायचाय. गणिताची धास्ती असल्यामुळे स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षावर ढकललंय. मधल्या जागा आरोग्य धोरण, शिक्षण धोरण, पर्यावरण धोरण आणि नगर धोरण अशा कोर्सनी भरल्यात. मायनर (मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय) अर्थशास्त्रात घ्यावं की राज्यशास्त्रात, हे ठरत नाहीये.

आधी सरळ उत्तर देतो. स्टॅटिस्टिक्स पुढच्याच सेमिस्टरला घ्या. ‘अमुक धोरण, तमुक धोरण’ या चारपैकी फार तर दोन ठेवा. मायनरचा निर्णय आत्ता घेऊच नका.

मीही हीच पदवी केली आणि आता सरकारी योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या एका गटात काम करतो. इंटर्नशिपचे अर्ज आले की अर्जदारांच्या गुणपत्रिका माझ्याकडे येतात. तुमच्यासारखा आराखडा मी बराच पाहिलाय. विषयांची नावं वाचून वाटतं, या मुलीला सगळ्यातलं थोडं थोडं येत असणार. मग एखाद्या अहवालातला तक्ता समोर ठेवून ‘यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही’ एवढंच विचारलं की गाडी अडते. तेव्हा कोर्स निवडताना नावांकडे न बघता एक प्रश्न धरून चला: धोरणाचा एक मुद्दा शेवटपर्यंत तडीस न्यायचा असेल तर कायकाय यावं लागतं?

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो, त्यात बहुतेक कोर्स आपोआप येऊन जातात.

वर्गात मुलं कमी असली तर ती जास्त शिकतात का? अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९८५ मध्ये हे तपासायला घेतलं. सुमारे ८० शाळा, बालवाडी ते तिसरीचे वर्ग, आणि चार वर्षांत मिळून ११ हजारांहून जास्त मुलं. काही वर्ग १३ ते १७ मुलांचे केले, काही नेहमीसारखे २२ ते २५ मुलांचे ठेवले, आणि काही नेहमीच्याच आकाराचे पण शिक्षकाला पूर्णवेळ मदतनीस दिलेले. कोणतं मूल कुठल्या वर्गात जाणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, कुणाच्या मर्जीवर न ठेवता ठरवलं. शिक्षकांचंही तसंच. निकाल असा आला की लहान वर्गातल्या मुलांचे गुण वाढले, आणि कृष्णवर्णीय व गरीब घरच्या मुलांना फायदा जास्त झाला. मदतनीस देऊन मात्र फारसा फरक पडला नाही.

पुढे १९९६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाने ठरवलं की पहिल्या काही इयत्तांचे वर्ग राज्यभर २० मुलांवर आणायचे. तिथे तेव्हा सरासरी तिशीच्या आसपास मुलं असायची. जी शाळा वर्ग लहान करेल तिला दर मुलामागे ६५० डॉलर. पैसे होते, पालक खूश होते आणि काही आठवड्यांतच नवं शालेय वर्ष सुरू होणार होतं. पण एवढे शिक्षक आणायचे कुठून? या इयत्तांमध्ये पूर्ण पात्रता नसलेल्या शिक्षकांचं प्रमाण आधी २ टक्क्यांच्याही आत होतं, ते दोन वर्षांत १२ टक्क्यांच्या पुढे गेलं. त्याची सर्वांत जास्त झळ गरीब वस्त्यांतल्या शाळांना बसली, कारण चांगल्या वस्तीतल्या शाळांत जागा निघाल्यावर अनुभवी शिक्षक तिकडे गेले. खोल्या कमी पडल्या म्हणून वाचनालयं आणि संगीताच्या खोल्याही वर्गांसाठी घेतल्या गेल्या. त्यातून सगळीकडे जवळजवळ एकदमच योजना लागू झाल्यामुळे तुलनेला धड शाळाच उरल्या नाहीत. गुण थोडे वाढले, पण ते वर्ग लहान झाल्यामुळेच वाढले का, हे ठामपणे सांगणं अभ्यासकांना कठीण झालं.

आता यात तुमचे कोर्स शोधा. टेनेसीत चिठ्ठ्या का टाकल्या हे स्टॅटिस्टिक्स सांगतं. जागरूक पालक आपली मुलं लहान वर्गात घालणारच, मग गुण वर्गामुळे वाढले की घरामुळे, हे कसं ओळखणार? शिक्षकांची मागणी एका रात्रीत वाढली आणि पुरवठा वाढला नाही तर कोण कुठे जातं, हे सूक्ष्म अर्थशास्त्र. वर्गात ३३ मुलं असलेल्या शाळेला आणि २५ मुलं असलेल्या शाळेला दर मुलामागे सारखेच पैसे दिले तर कुणाला पुरतात, हे सार्वजनिक वित्त. काही आठवड्यांत खोल्या कोण उभ्या करणार, हे प्रशासन. आणि तिजोरीत शिल्लक असताना हीच योजना का पुढे आली, दुसरी का नाही, हे राजकारण. ‘शिक्षण धोरण’ नावाच्या कोर्समध्ये ही गोष्ट एका तासात सांगून होईल आणि तुम्हाला ती आवडेलही. पण नवी योजना समोर आल्यावर तिच्यात अशीच मेख कुठे आहे, हे शोधायला हे बाकीचे विषय लागतात.

म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक ठिकाणी साखळी अशी असते: आधी प्राथमिक स्टॅटिस्टिक्स, मग रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे आकड्यांतून मोजायची पद्धत), मग धोरणाचं मूल्यमापन, आणि शेवटी कॅपस्टोन (शिकलेलं सगळं वापरून करायचा शेवटचा प्रकल्प) किंवा प्रबंध. प्रत्येकाला आधीच्याची पूर्वअट. आता उलटं मोजा. पदवी तीन वर्षांची असेल तर सहाव्या सेमिस्टरला कॅपस्टोन, पाचव्याला मूल्यमापन, चौथ्याला रिग्रेशन, म्हणजे स्टॅटिस्टिक्स तिसऱ्यालाच हवं. चार वर्षांची असेल तर थोडी उसंत मिळते, एवढाच फरक. तुमच्या आराखड्यात स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षी आहे, म्हणजे कॅपस्टोनला बसाल तेव्हा हातात आकडे असतील आणि त्यांचं करायचं काय हे तुम्ही त्याच वेळी शिकत असाल.

गणिताच्या धास्तीबद्दल. लागणारं गणित तुम्हाला वाटतं तेवढं नाही: बीजगणित पक्कं, आलेख वाचता येणं, शक्यतेची मूळ कल्पना, लॉगरिदम म्हणजे काय एवढं, आणि अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर अवकलनाची तोंडओळख. कॉलेजात प्राथमिक गणिताचा एखादा कोर्स असेल तर तो सुट्टीत उरकून टाका. एलिनॉर ऑस्ट्रम यांचं उदाहरण इथे मुद्दाम सांगतो. शाळेत मुलींना गणितापासून परावृत्त केलं जायचं, त्यात त्यांचं गणित मागे राहिलं, आणि पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पीएचडीला त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी राज्यशास्त्रात पीएचडी केली, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूजलावर, आणि २००९ मध्ये नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचंच! याचा अर्थ गणित नसलं तरी चालतं असा घेऊ नका. गणित राहून गेलं की कुठलं दार बंद होतं, तेवढं यात बघा. त्यांच्याइतकी वाट वाकडी करून पोहोचणारे थोडेच असतात.

स्टॅटिस्टिक्सचे दोन-तीन कोर्स उपलब्ध असतील तर खऱ्या माहितीवर आणि सॉफ्टवेअरवर काम करून घेणारा निवडा. सॉफ्टवेअर आर असो, स्टाटा असो की पायथन, एक नीट आलं की दुसरं जड जात नाही. नाव नोंदवायच्या आधी एवढं मात्र विचारून घ्या की हा कोर्स पुढच्या रिग्रेशनसाठी धरला जातो का. दुसऱ्या विभागातला सोपा म्हणून घेतलेला कोर्स पूर्वअटीत बसत नाही, हे पुष्कळदा सेमिस्टर संपल्यावर कळतं. रिग्रेशन झाल्यावर तुम्हाला काय यायला हवं तेही सांगतो. तक्त्यातली एक ओळ घ्यायची: समोर एक आकडा, त्याखाली कंसात प्रमाण त्रुटी (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप), शेजारी दोन तारे (हा निकाल निव्वळ योगायोगाने येणं अवघड, याची खूण). यावर ‘तारे आहेत म्हणजे योजना यशस्वी’ असं न म्हणता, हा आकडा कुठल्या एककात आहे, कुणाशी तुलना करून आलाय आणि खर्चाच्या मानाने तो मोठा आहे की नगण्य, हे चार साध्या वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. निम्मे अर्ज माझ्याकडे इथेच बाजूला पडतात.

अर्थशास्त्रात आधी सूक्ष्म घ्या, समग्र (सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेचं) नंतर. आणि प्रास्ताविक कोर्सवर थांबू नका, कारण पहिल्या कोर्समध्ये माणूस जरा जास्तच ठाम होतो. किमान वेतन वाढलं की नोकऱ्या घटणार, हे तिथे एका आकृतीत सिद्ध होतं. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं. तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली फास्ट फूडची दुकानं ताडून पाहिली. नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. त्यावरून वाद झाले, त्यांची पद्धत तपासली गेली, अजूनही मतं वेगळी आहेत. पण आकृतीपाशी थांबलेल्या विद्यार्थ्याला हा वाद नेमका कशावरून आहे हेच समजत नाही.

विषयाचं नाव असलेले धोरण-कोर्स वाईट नसतात, पण त्यातला बराचसा मजकूर पुढे स्वतः वाचून मिळवता येतो. रिग्रेशन तसं घरी बसून शिकणारे फार कमी. म्हणून एकच क्षेत्र निवडा आणि त्यात खोल जा, आणि खोल जाताना आपल्या विभागाबाहेर पडा. आरोग्य निवडलंत तर आरोग्य धोरणाच्या जोडीला साथरोगशास्त्राचा एक कोर्स. पर्यावरण असेल तर परिसंस्थेचा किंवा जलविज्ञानाचा. नगर असेल तर भूगोल विभागात नकाशे आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र). डॉक्टर, अभियंते, वनअधिकारी यांच्या बैठकीत त्यांची भाषा कळणारा धोरण अभ्यासक हवाहवासा असतो. बैठकीत बसून नुसती मान डोलावणारे तसेही पुष्कळ असतात.

एक कोर्स तुमच्या यादीत दिसलाच नाही: सार्वजनिक वित्त आणि अंदाजपत्रक. रटाळ म्हणून वर्ग निम्मा रिकामा असतो. तरी घ्या. तरतूद किती, सुधारित अंदाज किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडता आले की घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यात किती अंतर पडलं ते भाषण न ऐकताही कळतं. सार्वजनिक प्रशासनाचा कोर्सही त्याच वर्षी बसवा.

लेखनासाठी स्वतंत्र कोर्स असेल तर उत्तम. वीस पानी निबंध लिहिता येणं वेगळं आणि निर्णय घेणाऱ्या माणसासाठी दोन पानांचं टिपण लिहिणं वेगळं. टिपणात शिफारस पहिल्या परिच्छेदात येते, निबंधात ती शेवटी येते, आणि ही सवय मोडायला वेळ लागतो. कायद्याचा एक आणि नीतिशास्त्राचा एक कोर्स बहुधा अनिवार्य असेलच. नसला तर इलेक्टिव्हमधून, म्हणजे ऐच्छिक विषयांतून, घ्या.

मायनर. तिसऱ्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्स आणि सूक्ष्म अर्थशास्त्र दोन्ही झाले की तुम्हाला स्वतःलाच कळेल. आकड्यांमध्ये मन रमलं तर अर्थशास्त्र घ्या, कारण पुढे मास्टर्सला ते बहुतेक ठिकाणी विचारतात. ‘हा निर्णय झालाच कसा, कुणी अडवला, कुणी रेटला’ हे प्रश्न जास्त छळत असतील तर राज्यशास्त्र, आणि मग रिग्रेशन मात्र सोडायचं नाही. दोन्ही मायनर करायचा विचार मनात येईल. त्यापेक्षा ते क्रेडिट तुमच्या क्षेत्राच्या कोर्सना द्या.

एका सेमिस्टरमध्ये सोडवायची गणितं असलेले दोनपेक्षा जास्त कोर्स घेऊ नका, आणि इंटर्नशिप रिग्रेशनच्या आधी नको. आधी गेलात तर बैठकांची इतिवृत्तं लिहायला बसवतील. नंतर गेलात तर एखादा तक्ता तरी हाती देतील.

आराखडा सादर करण्यापूर्वी तो सल्लागार प्राध्यापकांना दाखवा आणि एकच गोष्ट नक्की विचारा: यातला कुठला कोर्स दर वर्षी नसतो? मूल्यमापनाचा कोर्स अनेक ठिकाणी वर्षातून एकदाच होतो, आणि शिकवणारे रजेवर असले तर तोही नाही. त्याचं सेमिस्टर आधी पक्कं करा, बाकीचे कोर्स त्याच्या मागेपुढे बसवता येतील.