पॉवर-ऑन स्टॉलमध्ये डावा पंख पडतो तेव्हा

सेसना १७२ या छोट्या विमानात पॉवर-ऑन स्टॉल (पूर्ण पॉवरवर नाक इतकं वर न्यायचं की पंखांची उचल तुटते, त्याचा सराव) करताना दर वेळी डावा पंख पडतो, योक (विमानाचं हँडल) उजवीकडे फिरवला की आणखीच पडतो आणि इन्स्ट्रक्टर ‘सराव करा’ एवढंच म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. क्लिअरिंग टर्न (आसपास दुसरं विमान नाही ना, हे बघायची वळणं) वगैरे तुम्ही करत असालच, ते सोडतो.

सगळा घोटाळा त्या योकमध्ये आहे. तो उजवीकडे गेला की डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) खाली येतो आणि पंखाच्या त्या भागाचा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन, वाढतो. पंख आधीच १५-१६ अंशांच्या मर्यादेवर; तो आणखी खोल स्टॉल होतो, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो, नाक डावीकडे ओढलं जातं. स्पिन (स्टॉल झालेलं विमान गरगरत खाली येणं) सुरू होतो तो असाच. १७२ च्या पंखाला टोकाकडे पीळ असल्याने मुळाकडचा भाग आधी स्टॉल होतो, त्यामुळे कधीकधी एलेरॉन चालून जातो. ती सवय दुसऱ्या विमानात महागात पडते.

डावाच पंख का? नाक वर, वेग कमी, पॉवर पूर्ण, म्हणजे प्रोपेलर नाक डावीकडे खेचणारच. उजवा रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू) कमी पडला की बॉल (विमान तिरकं सरकतंय का हे दाखवणारी पॅनलवरची गोळी) उजवीकडे सरकतो. स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न वाजायच्या आधीच बॉल मध्ये आणा. तरीही पंख पडला तर पहिलं काम योक पुढे म्हणजे नाक खाली, एलेरॉन मध्यावर. उजव्या रडरने नाकाचं वळणं फक्त थांबवा, पंख रडरने उचलू नका. हॉर्न थांबला, वेग आला, की मग एलेरॉनने पंख सरळ करा.

एका फ्लाइंग स्कूलने ‘उंची घालवायची नाही’ हेच घोकून घेतलं, त्यात माझे तास आणि पैसे दोन्ही गेले. याचा मला अजून राग येतो. उंची वाचवायच्या नादात योक पुढे जातच नाही. २००९ मध्ये एअर फ्रान्सचं ४४७ हे प्रवासी विमान सुमारे ३८,००० फुटांवरून अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ माणसं गेली. स्टॉलमध्येही बराच वेळ स्टिक (तिथला योक) मागेच ओढलेली होती. वेगाचे आकडे ६० नॉटखाली गेले की तिथली स्टॉल वॉर्निंग बंद पडायची आणि नाक खाली केलं की पुन्हा वाजायची. अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) २०१२ च्या सूचनेत आधी अँगल कमी करा, उंचीचं नंतर, असं स्पष्ट केलं.

जाता जाता, ‘४८ नॉटला स्टॉल’ हेही पाठ करू नका. उंची राखून ६० अंशांच्या बँकेत (पंख तेवढे कलते ठेवून) वळलात तर तोच आकडा ६८ च्या आसपास जातो. बेस-टू-फायनल, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीकडचं शेवटचं वळण घेताना ओव्हरशूट झालं (धावपट्टीची रेघ ओलांडली) तर वळण आवळू नका, गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा.

मी तुमचा इन्स्ट्रक्टर नाही. शेवटचा शब्द विमानाच्या पीओएचचा (वैमानिकाच्या माहितीपुस्तिकेचा). हे एकट्याने करून बघू नका. जमिनीपासून ३,००० फुटांवर, स्पिन शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊनच करा. सध्याचे शिकवत नसतील तर दुसरे शोधा.