ओरेगनमध्ये पहिल्यांदाच फ्लाय फिशिंग करायचंय. गाइड घेऊन कोणता मासा धरावा: ट्राउट, बास की स्टीलहेड?

तुम्ही लिहिलंय की हिल्सबरोला राहता, लहानपणी गावच्या नदीवर गांडूळ लावून गरवलंय, जूनमध्ये मित्राबरोबर एक दिवस गाइड घ्यायचा विचार आहे, पण पैसे वाया जायची भीती वाटते.

माझं मत विचाराल तर बास. पूर्व ओरेगनमधल्या जॉन डे नदीवर. स्टीलहेडचं नाव सगळेच घेतात, पण तिकडच्या नद्यांवर जून हा त्याचा महिनाच नाही.

फ्लाय म्हणजे किड्यासारखं नकली आमिष, तिला वजन नसतं. हुकाला गुंडाळलेली पिसं, दोरा आणि हरणाचे केस, एवढीच ती वस्तू. आपल्याकडे गळाला शिसं बांधतात, ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे वजन दोरीलाच असतं. ती मागे हवेत उलगडू द्यायची, मग हात पुढे आणायचा. पूर्ण उलगडायच्या आत हात पुढे आला की सगळा गुंता डोक्यावर. नवशिक्याची घाई नेमकी तिथेच होते. हात बसेपर्यंत अधूनमधून मासा लागला नाही, तर दुपारपर्यंत माणूस वैतागतो.

स्मॉलमाउथ बास वैतागायला वेळ देत नाही. हा मासा इथला मूळचा नाही, १९७१ मध्ये जॉन डेमध्ये सोडला आणि भरमसाट वाढला. पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी, आवाज करणारी फ्लाय, खडकाच्या कडेला पडला, एक झटका दिला, ‘बुडुक’ आवाज झाला, की खालून धडक. फेक वाकडी पडली तरी चालते. नदीच्या मुख्य प्रवाहावर धरण नाही, त्यामुळे पाणी सगळं वितळणाऱ्या बर्फावर अवलंबून. मेमध्ये ते बऱ्याचदा गढूळ आणि जोरात असतं, जुलै सरता सरता होडी दगडांना घासायला लागते. म्हणून जून बरा. नदीकाठच्या सर्व्हिस क्रीकपर्यंत गाडीने चारेक तास धरा, आदल्या रात्री तिकडेच मुक्काम केलेला उत्तम.

आणि हो, बास घरी आणून खाता येतो. आपल्या लोकांना ‘पकडून सोडून द्यायचा’ हा प्रकार पचायला जड जातो, माझ्या सासऱ्यांना तर अजून पटलेला नाही. मात्र पाऱ्यामुळे बास बेतानेच खावा, गरोदर बायका आणि लहान मुलांनी तर फारच कमी, असं राज्याचं आरोग्य खातं सांगतं.

ट्राउट हवाच असेल तर डेशूट्स नदी. तिथला रेडबँड ट्राउट अंगाने लहान, पण ताकद विलक्षण. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला सामनफ्लाय नावाचे केशरी पोटाचे मोठे किडे काठावरच्या फांद्यांवरून पाण्यात पडतात आणि एरवी चोखंदळ असलेला ट्राउट बेफाम होतो. तुमची तारीख त्याच आठवड्यात बसत असेल तर मीही डेशूट्सच म्हणेन. पण खालच्या डेशूट्सवर होडीत बसून मासे धरायला बंदी आहे. होडी फक्त जागेवर नेते, पुढे वेडर्स (पाणी आत न येणारी उंच विजार) घालून निसरड्या दगडांवर, मांडीपर्यंतच्या ओढीत उभं राहायचं. गुडघे कुरकुरत असतील तर आधी सांगा.

ट्राउटची खरी परीक्षा फेकल्यानंतर सुरू होते. फ्लाय काठाजवळच्या संथ पाण्यात आणि दोरी मधल्या वेगवान धारेत पडली, तर धार दोरीला धनुष्यासारखा बाक देते आणि फ्लाय पाण्यावर रेघ ओढत पळू लागते. खरा किडा असा पळत नाही, ट्राउट तोंड फिरवतो. बाक पडायच्या आत रॉडचं टोक उचलून दोरी प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटवायची, फ्लायला धक्का न लावता. गाइड शेजारी उभा राहून ‘मेंड, मेंड’ करत राहतो ते याच्यासाठी.

स्टीलहेड म्हणजे जातीने रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन वाढून परत येणारा. डेशूट्सवर त्याचा हंगाम साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. दोन्ही हातांनी धरायचा लांब रॉड, फेकायचं, फ्लाय आडवी वाहू द्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं. दिवसभरात एकही धक्का बसला नाही तरी तो ठीक दिवस समजतात. पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर मासा नदीतला जन्मजात, तो सोडावाच लागतो. पर कापलेला असला तर हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवून सोडलेला. २०२१ मध्ये समुद्रातून इतके कमी मासे परतले की डेशूट्सवर स्टीलहेडची मासेमारीच थांबवली. त्यामुळे ट्रिप ठरवण्याआधी ओडीएफडब्ल्यूच्या (राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्याच्या) संकेतस्थळावर त्या वर्षीचे नियम वाचा.

पैशांचं म्हणाल तर दोघांत मिळून पूर्ण दिवसाचे साधारण ५०० ते ७०० डॉलर जातात, वर पंधरा-वीस टक्के टिप. रॉड, फ्लाय, होडी, बहुतेक वेळा जेवणही त्यात येतं. मला विचाराल तर पैसे होडीचे नाहीत, मासा कुठल्या दगडामागे असेल ते दाखवणाऱ्या डोळ्यांचे आहेत, आणि ते वसूल होतात. गाइडची नोंदणी ओरेगन स्टेट मरीन बोर्डाकडे असावी लागते, ती आहे का ते बेधडक विचारा. लायसन्स मात्र ज्याचं त्याने काढायचं. राज्यात ६ महिने राहून झाले असतील तर रहिवाशाच्या दराने मिळतं. फोनवर एवढं नक्की सांगा: ‘आम्ही दोघंही अगदी नवखे आहोत, पहिला तासभर शिकवण्यात गेला तरी चालेल.’ यावर समोरचा कुरकुरला तर दुसरा गाइड बघा. पोलराइज्ड गॉगल आणि टोपी विसरू नका, गॉगल पाण्यात बघण्यासाठी लागतोच, शिवाय उलट आलेल्या हुकापासून डोळेही वाचतात.