तारीख जन्माची की नोंदीची?

प्रश्न: वकीलसाहेब, सरकारी नोकरीत इतर मागास वर्गातून माझी निवड झाली आहे. जात वैधतेसाठी कागद काढायला बसलो तर एकही तारीख दुसरीशी जुळेना. सावनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या कोतवाल बुकात (जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) आजोबांचा जन्म २२ नोव्हेंबर १९३७ आणि नोंद ३० नोव्हेंबरची. मुलाचे नाव नाही, नुसते 'मुलगा'. पत्रिकेत रविवार, २१ नोव्हेंबर. शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९३८. बाबांच्या महापालिकेच्या दाखल्यावर जन्म १२ जून १९६१, नोंदणी १७ एप्रिल १९७४ आणि दाखला दिल्याची तारीख २०२३ ची! कोर्टाजवळ कागदपत्रे करून देणारा एक जण म्हणतो, 'सगळ्या तारखा एक करून देतो.' द्यावे का त्याच्याकडे?
(एक वाचक, नंदनवन, नागपूर)

उत्तर: नका देऊ. भाऊ, तुमचे कागद बरे आहेत. ते वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कामासाठी लिहिले, म्हणून वेगळे दिसतात. प्रत्येक तारखेला एकच विचारा: ही कोणी लिहिली आणि केव्हा लिहिली?

आधी आजोबा. १९३७ साली सावनेर मध्य प्रांत-वऱ्हाडात होते आणि गावातल्या जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर पोचवणे हे कोतवालाचे काम. तो हजेरीला जाई तेव्हा आठवड्याभराच्या खबरी एकदमच देई. २२ ला जन्म आणि ३० ला नोंद, यात संशयास्पद काही नाही. उलट आठ दिवसांत झालेली नोंद म्हणून हा तुमचा सगळ्यात वजनदार कागद. पत्रिकेचा एक दिवसही सहज सुटतो. जन्मवेळ पहा, बहुधा पहाटेची निघेल. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. सोमवारी पहाटे तीनला जन्मलेले मूल जोशीबुवांच्या लेखी रविवारचेच.

शाळेच्या १ जुलैबद्दल विदर्भात कोणाला सांगायला नको. आमच्या पिढीत अर्धा वर्ग त्याच दिवशी जन्मलेला असे. शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आजोबांच्या प्रवेशाची तारीख पहा. ती १ जुलै १९४४ च्या आसपास असेल, तर गुरुजींनी सहा वर्षे मागे मोजून जन्मतारीख बसवली हे कोणालाही दिसेल. वयाच्या अशा शालेय नोंदीला, माहिती कोणी दिली हे सिद्ध झाल्याशिवाय फारसे वजन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिरदमल सिंघवी प्रकरणात १९८८ मध्येच म्हटले आहे. पण जात पडताळणी समितीला आजोबांचे वय कुठे ठरवायचे आहे? तिला त्या रजिस्टरमधला जातीचा रकाना पाहायचा आहे, आणि तो प्रवेशाच्या वेळचा, म्हणजे बहुधा १९४४ च्या सुमाराचा आहे.

आता बाबांचा दाखला. इथे तुमची खरी चूक होऊ शकते. इतर मागास वर्गासाठी मानीव दिनांक, म्हणजे ज्याच्या आधीचा जातीचा पुरावा पाहतात ती तारीख, १३ ऑक्टोबर १९६७. बाबांचा जन्म १९६१ चा, म्हणजे दाखला १९६७ पूर्वीचा पुरावा झाला, असे समजून अनेक जण तो फाइलच्या पहिल्या पानावर लावतात. पुराव्याचे वय मात्र नोंद झाली त्या दिवसापासून मोजतात. तुमची नोंद १९७४ ची. २०२३ ही फक्त प्रत छापून दिल्याची तारीख, तिच्याकडे दुर्लक्ष करा. हा दाखला बाबा आजोबांचे पुत्र आहेत हे दाखवायला उपयोगी. जातीसाठी नाही.

१९७४ का, हेही शोधण्यासारखे आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. वर्षाहून जास्त उशीर झालेल्या नोंदीला त्याच्या कलम १३(३) प्रमाणे तेव्हा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. त्या आदेशाची नक्कल मागा. आजोबांनी तेव्हा अर्जाला एखादा जुना कागद जोडला असेल, तर तो तुमच्या कामाचा.

आणि बाबा पहिलीत कधी गेले? जून १९६१ चा जन्म म्हणजे साधारण जुलै १९६७. मानीव दिनांकाच्या जेमतेम तीन महिने आधी! दाखल-खारीज रजिस्टरचा तो उतारा आधी मिळवा. टीसीवर शाळा सोडल्याची तारीख ठळक असते, प्रवेशाची कोपऱ्यात. तीच पहा.

दुरुस्तीचे म्हणाल, तर त्याच १९६९ च्या कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक चूक दुरुस्त करतो ती समासात, सही-तारखेसह. मूळ नोंद तशीच राहते. म्हणजे १९३७ च्या कागदाच्या कडेला आजची तारीख येणार. आणि शाळा सोडून गेलेल्या, त्यातून हयात नसलेल्या माणसाची जन्मतारीख दुसऱ्या कागदाशी जुळावी म्हणून बदलायला कोणता मुख्याध्यापक धजेल? समितीचे दक्षता पथक मूळ रजिस्टर उघडून शाई आणि अक्षर पाहते. जातदावा सिद्ध करण्याचा भार जात प्रमाणपत्र व पडताळणीच्या २००० च्या अधिनियमाच्या कलम ८ नुसार तुमच्यावर आहे, आणि खोट्या कागदावर मिळालेली नोकरी त्याच अधिनियमाखाली जाते, फौजदारी वेगळी. आजोबांचा नवा जन्मदाखला काढण्याच्या भानगडीतही पडू नका. तो आजच्या तारखेचा निघेल, शिवाय उशिराच्या नोंदींची छाननी राज्यात २०२५ पासून कडक झाली आहे.

राहिला तो 'मुलगा'. समिती नक्की विचारेल की हे तुमचेच आजोबा कशावरून. सावनेरच्या तहसील कार्यालयात पणजोबांच्या नावाने कोतवाल बुकातली १९३० ते १९४५ ची सगळी पाने शोधायला अर्ज द्या. आजोबांच्या भावा-बहिणींच्या नोंदी वंशावळीशी क्रमाने बसल्या आणि त्या सुमारास त्या घरात दुसरा मुलगा जन्मलेला नसला, की नाव नसतानाही ओळख पटते. वंशावळीच्या शपथपत्रात आजोबांच्या दोन्ही तारखा लिहा आणि शालेय तारीख अंदाजाने लिहिली गेली असावी, असे एका वाक्यात नमूद करा. एक लपवून दुसरी देऊ नका.

कोतवाल बुकाची घरातली नक्कल लॅमिनेट केलेली असेल तर ती फाइलला लावू नका. शिक्का आणि सही नीट तपासता येत नाही म्हणून ती परत येते. तहसीलमधून ताजी प्रमाणित नक्कल घ्या, आणि मजकूर मोडीत असेल तर जाणकाराकडून केलेले देवनागरी लिप्यंतर सोबत जोडा.