युनियनकडे जावे की जाऊ नये? एडिनबरात गणित शिकणाऱ्या मुलीच्या आईस उत्तर

सोलापूरहून एका आईचे पत्र (संक्षिप्त): माझी मुलगी एडिनबरा विद्यापीठात गणिताच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीला तिला गणितात ९७ गुण होते. आता पहिल्या सत्रात एका विषयात ५६ आणि दुसऱ्यात ४३ गुण मिळाले. दुसऱ्या पेपरच्या वेळी ती तापाने आजारी होती, पण तिने कोणालाच कळवले नाही. तिथली विद्यार्थी युनियन अशा वेळी मदत करते, असे तिला मैत्रिणीने सांगितले. परंतु परक्या देशात युनियनच्या भानगडीत पडू नकोस, व्हिसाला धोका होईल, असे तिच्या बाबांनी तिला बजावले आहे. आम्ही इथून ऑनलाइन खासगी शिकवणी लावावी, विद्यापीठाला स्वतः ईमेल करावा, की तिला परत बोलवावे?

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली काळजी समजली. सर्वांत आधी गुणांविषयी लिहितो, कारण घरातल्या घबराटीचे मूळ तिथे आहे. एडिनबराच्या गुणपद्धतीत ४० गुणांना उत्तीर्ण धरतात आणि ७० च्या पुढे 'ए' श्रेणी सुरू होते. तेव्हा ५६ म्हणजे 'सी' आणि ४३ म्हणजे 'डी' श्रेणी होय. तुमची मुलगी दोन्ही विषयांत उत्तीर्ण झाली आहे. स्कॉटलंडमधील ऑनर्स पदवी चार वर्षांची असते आणि तिचा अंतिम वर्ग सामान्यतः तिसऱ्या व चौथ्या वर्षाच्या कामगिरीवर ठरतो. मात्र पुढच्या वर्षात जाण्यासाठी काही विषयांत नुसत्या उत्तीर्णतेपेक्षा अधिक गुणांची अट असू शकते. ती अट तिच्या अभ्यासक्रमात कोणत्या विषयांना लागू आहे, हे तिने विभागातील आपल्या स्टुडंट अॅडव्हायझरला याच आठवड्यात विचारून घ्यावे.

आता युनियनविषयी. आपल्याकडे विद्यार्थी संघटना म्हटले की मोर्चे, बंद आणि राजकीय पक्षांचे झेंडे डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे तिच्या बाबांची धास्ती मी समजू शकतो. परंतु एडिनबराची स्टुडंट्स असोसिएशन ही निराळ्या घडणीची संस्था आहे. तिची परंपरा १८८४ साली स्थापन झालेल्या विद्यार्थी प्रतिनिधी मंडळापर्यंत मागे जाते, आणि १८८९ मध्ये खुले झालेले टेव्हियट रो हाऊस हे खास विद्यार्थी युनियनसाठी बांधलेले जगातील सर्वांत जुने भवन मानले जाते. ब्रिटनमध्ये १९९४ च्या शिक्षण कायद्यात विद्यार्थी युनियनांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांनुसार निवडणुका न्याय्य रीतीने होणे आणि हिशेब प्रसिद्ध होणे बंधनकारक आहे, आणि ज्या विद्यार्थ्याला सदस्य राहायचे नसेल त्याला बाहेर पडण्याची मुभा आहे. तुमची मुलगी प्रवेशाबरोबर आपोआप सदस्य झालेली आहे. युनियनच्या सल्ला कार्यालयात जाण्याने व्हिसावर कोणताही परिणाम होत नाही. व्हिसाला खरा धोका निर्माण होतो तो सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक नोकरी केल्याने, किंवा उपस्थितीकडे दुर्लक्ष केल्याने. बाबांनी बजावायचे असेल तर याविषयी बजावावे.

तुमच्या मुलीच्या दृष्टीने या संस्थेतील सर्वांत उपयोगी भाग म्हणजे 'द अॅडव्हाइस प्लेस' हे सल्ला केंद्र. ते ब्रिस्टो स्क्वेअरजवळच्या पॉटररो इमारतीत आहे. तेथील सल्लागार नेमलेले व्यावसायिक असतात, निवडून आलेले विद्यार्थी नेते नव्हेत. सल्ला विनामूल्य आणि गोपनीय असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे केंद्र विद्यापीठाच्या प्रशासनाचा भाग नाही. त्यामुळे विद्यापीठाच्याच एखाद्या निर्णयाविषयी शंका असेल तेव्हा विद्यार्थ्याच्या बाजूने नियम वाचून दाखवणारे कोणीतरी त्याच्याजवळ असते. घरभाड्याचा करार, अनामत रक्कम, पैशांची ओढाताण, परीक्षेतील गैरप्रकाराचा आरोप अशा सर्व बाबतींत तिथे सल्ला मिळतो.

तिच्या तापाचे प्रकरण या केंद्राकडे न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अपेक्षा माफक ठेवून न्यावे. आजारपणामुळे परीक्षेवर परिणाम झाला असेल तर अपवादात्मक परिस्थितीचा अर्ज ठरलेल्या मुदतीत, लागेल त्या पुराव्यासह करायचा असतो. मुदत उलटून गेल्यावर आणि निकाल हाती आल्यावर केलेल्या अर्जात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: ताप होता ही एक, आणि तो वेळेवर का कळवला नाही यामागे सबळ कारण होते ही दुसरी. संकोच वाटला, किंवा नियम ठाऊक नव्हता, ही कारणे सहसा पुरत नाहीत. निकालाविरुद्ध अपील करण्याची तरतूद आहे, पण तिची कारणे ठरलेली आहेत: परीक्षा मंडळापुढे सबळ कारणाने येऊ न शकलेली माहिती, किंवा प्रक्रियेतील चूक. उत्तरपत्रिकेला ४३ ऐवजी ५५ गुण द्यायला हवे होते, हा युक्तिवाद अपिलात चालत नाही, कारण परीक्षकाचा शैक्षणिक निर्णय अपिलाच्या कक्षेबाहेर असतो. विद्यापीठाची सगळी अंतर्गत प्रक्रिया संपल्यानंतरही अन्याय झाल्याचे वाटल्यास स्कॉटलंडच्या सार्वजनिक सेवा लोकपालाकडे तक्रार नेता येते. तथापि उत्तीर्ण झालेल्या विषयासाठी तिने इतके दूर जावे, असे मला वाटत नाही. सल्लागार तिची कागदपत्रे वाचून अर्जात दम आहे की नाही हे प्रामाणिकपणे सांगेल, आणि उन्हाळ्यातील परीक्षेच्या वेळी पुन्हा असा प्रसंग आला तर कोणता अर्ज, कोणत्या पुराव्यासह, कोणत्या तारखेच्या आत करायचा, हे तिला आधीच कळेल. माझ्या दृष्टीने भेटीचा खरा लाभ म्हणजे ही पुढची तयारीच.

गणितातल्या अडचणीसाठी मात्र सल्ला केंद्र नव्हे, तर असोसिएशनच्या पाठबळाने चालणारी 'पाल्स' (पीअर असिस्टेड लर्निंग स्कीम) ही योजना पाहावी. वरच्या वर्गातील प्रशिक्षित विद्यार्थी खालच्या वर्गातील मुलांचे गट घेऊन बसतात, अशी ही योजना आहे. इथे कोणी शिकवत नाही आणि गृहपाठाची उत्तरे देत नाही, म्हणून पहिल्या भेटीत आपल्याकडच्या मुलांची निराशा होते. परंतु तुमच्या मुलीची जी अडचण मला दिसते, तिच्यावर हाच उपाय आहे. बारावीला आणि प्रवेश परीक्षांना आपली मुले उत्तर काढण्यात तरबेज होतात. विद्यापीठात त्यांच्याकडून सिद्धता मागितली जाते. एक साधे उदाहरण घ्या. एक्सची किंमत २ च्या जवळ जाताना '३ एक्स अधिक १' या फलाची (फंक्शनची) सीमा (लिमिट) किती? बारावीची मुलगी एक्सच्या जागी २ ठेवून ७ लिहिते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. विद्यापीठात तिला दाखवावे लागते की कोणी कितीही लहान धन संख्या (एप्सिलॉन) दिली तरी आपण अशी धन संख्या (डेल्टा) देऊ शकतो, की एक्स हा २ पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असेल तर फलाची किंमत ७ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहील. फलाच्या किमतीचे ७ पासूनचे अंतर हे एक्सच्या २ पासूनच्या अंतराच्या नेमके तिप्पट असते, म्हणून डेल्टा हा एप्सिलॉनच्या एक तृतीयांश घेतला की काम होते. आकडेमोड एका ओळीची आहे. मुले अडतात ती क्रमावर. कित्येक जण जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरून मागे येतात आणि पूर्ण गुण का मिळाले नाहीत म्हणून हिरमुसतात. अशा वेळी गटप्रमुख स्वतः फळ्यावर लिहीत नाही. तो खडू समोरच्याच्या हातात देतो आणि विचारतो, एप्सिलॉन कोण देणार, डेल्टा कोण शोधणार, आणि आधी काय लिहायचे? चार जणांसमोर असे बोलून दाखवताना विचारातली भेग जशी उघडी पडते, तशी ती एकट्याने वहीत लिहिताना पडत नाही.

पाल्सखेरीज 'मॅथसॉक' ही गणिताच्या विद्यार्थ्यांची मंडळी आहे. तिथे व्याख्याने आणि गप्पांचे कार्यक्रम होतात. परदेशात एकटे पडलेल्या मुलीला बरोबरीने प्रश्न सोडवणाऱ्या दोन मैत्रिणी मिळाल्या, तरी पुष्कळ झाले. प्रत्येक अभ्यासक्रमाचे विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. गृहपाठ तपासून उशिरा मिळतो, व्याख्यानाचा वेग झेपत नाही, अशा साऱ्या वर्गाच्या तक्रारी त्यांच्यामार्फत शिक्षकांपुढे जातात. मन फारच खचले तर रात्री विद्यार्थीच चालवत असलेली 'नाइटलाइन' ही ऐकून घेणारी सेवा आहे. त्या सेवेचा क्रमांक तिच्याजवळ असू द्या.

कोणते काम युनियनचे नाही, हेही तिला ठाऊक असावे. गणित विभागाचे 'मॅथ्सबेस' हे शंकानिरसन केंद्र विभाग चालवतो, व्हिसाचा सल्ला विद्यापीठाच्या इमिग्रेशन सेवेकडून घ्यायचा असतो आणि नोकरीविषयक मार्गदर्शन विद्यापीठाच्याच करिअर विभागात मिळते.

खासगी शिकवणीला माझा विरोध आहे. खर्च हे त्याचे एक कारण झाले. मोठे कारण असे की, इथून शिकवणारे अनेक जण मदत म्हणून गृहपाठच सोडवून देतात, आणि तिथे त्या गृहपाठाचे गुण धरले जात असतील तर दुसऱ्याने सोडवलेले उत्तर आपले म्हणून देणे हा गैरप्रकार ठरतो. ४३ गुण भरून काढता येतात. गैरप्रकाराची नोंद मात्र मुलांना फार महागात पडते.

तुम्ही स्वतः विद्यापीठाला ईमेल करू नये. ती सज्ञान आहे आणि तिच्या संमतीशिवाय विद्यापीठ तिच्याविषयी पालकांना काहीही सांगणार नाही. सल्ला केंद्रही सांगणार नाही. तुम्हाला हे तुटक वाटेल, परंतु याच नियमामुळे ती तिथे मोकळेपणी बोलू शकेल. तुम्ही तिला एवढेच सांगा की युनियनविषयीची बंदी उठली आहे. तिने अॅडव्हाइस प्लेसची वेळ ठरवावी आणि भेटीला जाताना निकालपत्र, तापाच्या दिवसांत डॉक्टर वा औषधाच्या दुकानाशी झालेल्या व्यवहाराचा जो कागद असेल तो, आणि परीक्षेच्या तारखा बरोबर न्याव्यात. कोणता दिवस कसा गेला हे अर्ध्या पानात लिहून नेले तर सल्लागाराचा वेळ वाचतो आणि तिलाही बोलताना अडखळायला होत नाही.

तिला परत बोलावण्याचा प्रश्न आज उद्भवतच नाही. दुसऱ्या सत्राचा निकाल लागल्यावर, आणि ती पाल्सला नियमित जाऊ लागल्यावर, तिच्या प्रत्येक विषयाच्या गुणांसह मला पुन्हा लिहा. पुढच्या वर्षासाठी विषय कोणते निवडावेत आणि ॲक्च्युअरीचा (विमा व जोखमीचे गणित मांडण्याच्या व्यवसायाचा) विचार करायचा की नाही, यावर तेव्हा सविस्तर लिहीन. तोपर्यंत वर्ष चांगले पार पडले, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी स्वतः पाल्सची गटप्रमुख होण्याचा पर्याय तिने मनात ठेवावा; त्या कामाची नोंद विद्यापीठाच्या अधिकृत कामगिरी अहवालात होते.