शिक्षकांचे प्रश्न : पोळ्याचे बैल उभे राहावेत म्हणून

प्रश्न : पहिली-दुसरीचा जोडवर्ग आहे, 32 मुलं. पोळ्याला शाडूचे बैल करतो. वाळेपर्यंत निम्म्यांचे पाय सुटतात, शिंगं गळतात आणि मुलं रडकुंडीला येतात. चुकतं कुठं?
(एक शिक्षिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : मुलांचे हात चुकत नाहीत, चुकतात ते सांधे. माती वाळताना आकसते. बारीक पाय आधी वाळतात, जाड पोट दोन-दोन दिवस ओलंच असतं. सगळी ओढाताण सांध्यावर येते आणि पाय नेमका तिथंच सुटतो.

म्हणून पाय चिकटवूच नका, धडातूनच ओढून काढा. प्रत्येकाला लिंबापेक्षा मोठा, पाव किलोचा गोळा द्या. त्याची बोटभर लांब, जाड लोळी करायला सांगा. लोळीच्या पोटाखालून अंगठ्यानं माती दाबत चारी कोपऱ्यांकडे ढकलली की पाय आपोआप खाली उतरतात. ते मुलाच्या अंगठ्याएवढे जाड आणि आखूडच ठेवा. डौलदार लांब पायांचा हट्ट मोठ्यांचा असतो. एका टोकाची माती वर ओढून मान आणि तोंड, मानेमागे चिमटीनं वशिंड. वशिंड विसरलं तर बैलाचं कुत्रं होतं, हे मुलंच एकमेकांना सांगतात. शेपूट लोंबती नको, मांडीला चिकटवून टाका.

शिंगांना आगकाडी खोचत असाल तर ते थांबवा. काडी आकसत नाही, भोवतालची माती आकसते, त्यामुळे डोकं तडकतं. काडीच हवी असेल तर ओल्या मातीत काडीपेक्षा मोठं भोक पाडून ठेवा आणि बैल वाळल्यावर पांढऱ्या गोंदानं काडी बसवा.

मातीचं प्रमाण : 6 किलो शाडूला 1 किलो चाळलेली बारीक वाळू. वाळूमुळे माती कमी आकसते. पाणी साधारण 2 लिटर, पण एकदम ओतू नका. मळून रात्रभर ओल्या फडक्यात ठेवा. बोटाला चिकटली तर माती सैल आहे, वळताना कडा फाटल्या तर कोरडी. मूठभर माती बाजूला काढून पाण्यात दाट राबडी करून ठेवा. चीर दिसली की तीत भरायची.

श्रावणातल्या दमट हवेत वाळायला पाच-सहा दिवस धरा. पहिली रात्र वरून कापड, पोटाखाली कागदाचा बोळा. ऊन नको, पंखा तर नकोच. दुसऱ्या दिवशी बैल आडवे करा, म्हणजे पोटालाही हवा लागेल. रंग घट्टसर लावा. पाणी जास्त झालं तर कच्ची माती विरघळते. पोळा श्रावण अमावास्येला असतो, तेव्हा माती नऊ-दहा दिवस आधी भिजवावी लागते.

अमावास्येला सुट्टी असेल तर आदल्या दिवशी वर्गात खांदमळणी करा. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत प्रत्येकानं आपल्या बैलाच्या खांद्याला हळद-तुपाचं बोट लावायचं. हे रंगकामानंतरच, कारण तुपावर रंग धरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला, मुलं लाकडी बैल आणतात. काहींचे बैल गुडघाभर उंच, काहींकडे बैलच नसतो.
(एक शिक्षक, वर्धा)

उत्तर : वीतभर उंचीची मर्यादा आठवडाभर आधी कळवा आणि सजावटीची स्पर्धा रद्द करा. ती पालकांची स्पर्धा असते. ज्यांच्याकडे बैल नाही त्यांनी वर्गात मातीचा करावा, पुठ्ठ्यावर ठेवून दोरीनं ओढावा. बोजारा, म्हणजे बैल घेऊन आलेल्या मुलांना द्यायची भेट, सगळ्यांना सारखाच : मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा. पैसे नकोत.

प्रश्न : खरी बैलजोडी शाळेत आणावी का?

उत्तर : जोडी माणसाळलेली असेल आणि कासरा मालकाच्याच हातात राहणार असेल तर आणा. ढोल-ताशा, फटाके नकोत. मुलं समोरच्या बाजूला, दहा पावलं लांब. मागून कुणीही जायचं नाही. घास मालकानं भरवावा, मुलांनी बघावं. आणि जोडी पोळ्याच्या आधीच बोलवा. त्या दिवशी बैलांची सुट्टी असते.